नदी चढावर का वाहतेय? आर्क्टिकमधल्या खोऱ्याचा टोपो नकाशा घरबसल्या होतो का

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने प्रोजेक्टसाठी उत्तर अलास्कातली कॅनिंग नदी घेतलीय, आर्क्टिकडेम (उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेला आर्क्टिकच्या उंचीचा डिजिटल नकाशा, म्हणजे डीईएम) फुकट मिळतो म्हणून डाउनलोड केला, कॉन्टूर म्हणजे समान उंचीच्या रेषा काढल्या, नदीचा प्रोफाइल, म्हणजे तिच्या वाटेवरच्या उंचीचा आलेख, काढला तर मधेच नदी दोन-तीन मीटर वर चढते. गाइड म्हणतात डेटा खराब आहे, दुसरी नदी घे. त्याला विचारायचंय की असला नकाशा पुण्यात बसून होऊ शकतो का, की प्रत्यक्ष गेल्याशिवाय सगळं व्यर्थ आहे.

नदी बदलू नकोस. गाइडना सांग की डेटा बहुतेक बरोबर आहे, तो वाचायला चुकतोय. आणि हो, पुण्यात बसून होतो, मी स्वतः पुण्यात बसून केलाय, रात्रपाळीत, स्टिरिओचा चष्मा लावून, अलास्का कशाशी खातात हे माहीत नसताना. पुढे एका उन्हाळ्यात चेक पॉइंट, म्हणजे नकाशाची उंची पडताळायचे ठिपके, घ्यायला प्रत्यक्ष जायला मिळालं आणि तेव्हा कळलं की ऑफिसात आपण ज्याला एरर म्हणून गुळगुळीत करत होतो त्यातलं बरंच खरं होतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, घाई असेल तर शेवटचे दोन परिच्छेद वाच.

आधी एक साधी गोष्ट तपास, तुझा नकाशा कुठल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायच्या कुठल्या पद्धतीत आहे? आर्क्टिकडेम पोलर स्टिरिओग्राफिकमध्ये येतो, ईपीएसजी 3413, त्याचा मध्य रेखावृत्त 45 पश्चिम. कॅनिंग आहे साधारण 146 पश्चिमेला. म्हणजे तुझ्या स्क्रीनवर उत्तर वर नाहीये, ती जवळपास 100 अंश फिरून उजव्या हाताला गेलीय, आणि ब्रूक्स पर्वतरांगेतून निघून सरळ उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात जाणारी नदी तुला डावीकडून उजवीकडे जाताना दिसत असणार. त्यावर अ‍ॅस्पेक्ट (उताराची दिशा) काढलास तर सगळी उत्तरेकडची उतारं पूर्वेकडची म्हणून येणार. आता काही लोक याला वैतागून सगळं वेब मर्केटरमध्ये टाकतात कारण मागे गूगलची इमेज नीट बसते, ते तर त्याहून वाईट, 70 अक्षांशावर वेब मर्केटर अंतर जवळपास तिप्पट ताणतो, उंची आहे तेवढीच राहते, मग उतार एक तृतीयांश येतो आणि आपण लिहितो की खोरं फार सपाट आहे. या भागासाठीचं प्रोजेक्शन, यूटीएम झोन 6 उत्तर, घे, विषय संपला.

दुसरं, उंची कशापासून मोजलीय. हा प्रश्न मी इंटरव्ह्यूला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो आणि दहातले आठ जण 'समुद्रसपाटीपासून' म्हणतात. आर्क्टिकडेमची उंची समुद्रसपाटीपासून नसते, ती डब्ल्यूजीएस 84 च्या एलिप्सॉइडपासून असते, म्हणजे एका गणिती अंड्यापासून. आपल्याकडे पुण्यात या दोन्हींत साठेक मीटरचा फरक पडतो, त्यामुळे चूक झाली तर लगेच डोळ्यात खुपते. उत्तर अलास्कात हा फरक त्या मानाने इतका किरकोळ आहे की चूक झालेली कळतच नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. जुन्या अमेरिकन शीटवरचे आकडे एका डेटमवर (उंची मोजायच्या आधारपातळीवर), नवे दुसऱ्यावर, तुझा डीईएम तिसऱ्यावर. तिन्ही एकत्र करून 'गेल्या साठ वर्षांत जमीन खचली' असा निष्कर्ष काढलेला रिपोर्ट मी डोळ्याने पाहिलाय. पण याने नदी मधेच चढत नाही, सगळीच्या सगळी वर किंवा खाली सरकते, त्यामुळे तुझा आजार हा नाही.

तुझा आजार मला वाटतं तारखेचा आहे. आर्क्टिकडेम दोन प्रकारे मिळतो, स्ट्रिप आणि मोझेक. स्ट्रिप म्हणजे एका दिवशी वर्ल्डव्ह्यूसारख्या उपग्रहाने घेतलेली स्टिरिओ जोडी, त्यातून दर दोन मीटरला एक उंची देणारा डीईएम, तारखेसकट. मोझेक म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या महिन्यांच्या अशा स्ट्रिप एकत्र करून शिवलेली गोधडी. दिसायला मोझेक छान, भोकं कमी, सगळे तोच उचलतात, तूही तोच उचलला असशील. डोंगराला काही फरक पडत नाही, डोंगर जूनमध्ये तोच आणि ऑगस्टमध्ये तोच. नदी तशी नाही.

कॅनिंगच्या मधल्या टप्प्यात शुब्लिक स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत, पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीच्या, प्रदेशात असून बारा महिने वाहतात, उणे चाळीसमध्येसुद्धा. आता विचार कर, बाहेर एवढी थंडी, नदी वरून गोठलेली आणि खालून झऱ्याचं पाणी येतच राहतंय, ते जाणार कुठे, ते बर्फाच्या वर येतं, पसरतं, गोठतं, परत वर येतं, परत गोठतं, असे थर चढत चढत वसंतापर्यंत नदीच्या पात्रात काही मीटर जाड बर्फाचं मैदान तयार होतं. त्याला आउफाइस म्हणतात, जर्मन शब्द आहे. जूनमध्ये सगळीकडे पाणी वाहायला लागलं तरी हे मैदान जागेवर असतं, हळूहळू वितळतं, काही ठिकाणी तर उन्हाळाभर तुकडे राहतात. हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, 2015 च्या वसंतात शेजारच्या सॅगाव्हॅनिर्कटोक नदीवर असलाच बर्फ चढला आणि पाणी डाल्टन हायवेवर आलं, प्रूडो बेच्या तेलक्षेत्राला जाणारा तो एकमेव रस्ता, बंद पडला, काही ठिकाणी वाहूनच गेला. तर तुझ्या मोझेकमध्ये झऱ्याच्या वरचा तुकडा ऑगस्टचा आणि खालचा तुकडा जूनचा असला की पाणी वाहत वाहत येणार आणि समोर बर्फाच्या ओट्यावर चढणार. नदी चढत नाहीये, तू दोन महिन्यांतली नदी एका रेषेत जोडलीयस.

आम्ही ऑफिसात याचं काय करायचो ते सांगतो, हसू नकोस. आम्हाला रडारचा डेटा असायचा, विमानातून घेतलेला, इफसार म्हणतात त्याला. अलास्काने 2010 पासून दशकभर हे काम करून पूर्ण राज्याचा पाच मीटरचा डीटीएम (झाडं वगळून नुसत्या जमिनीची उंची) बनवून घेतला, कारण तोपर्यंत तिकडे बहुतेक भागाला 1950 च्या दशकातली एक इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360 ची शीट होती, कॉन्टूर 50 किंवा 100 फुटांवर. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या टोपोशीटला 20 मीटरचा कॉन्टूर असतो, ट्रेकला वापरली असशील, म्हणजे अमेरिकेसारख्या देशाचा एक कोपरा आपल्या सह्याद्रीपेक्षा ढोबळ मापात होता आणि हे मला आधी पटलंच नव्हतं. आता तिथे 1:25,000 ची नवी शीट आहेत, 11 हजारांच्या वर. तर त्या कामात नियम असा की नदी खालच्या दिशेने सतत उतरलीच पाहिजे, नाहीतर क्यूसी, म्हणजे काम तपासणारा, रिजेक्ट करतो. आम्ही ब्रेकलाइन, म्हणजे काठाची उंची पक्की करणाऱ्या रेषा, टाकायचो, 3डी माऊस फिरवत फिरवत दोन्ही काठ पकडायचो, आणि जिथे काठ वर चढताना दिसेल तिथे दाबून खाली. माझ्या हाताने मी आउफाइसची किती मैदानं सपाट करून टाकली असतील देव जाणे, मला तो नॉइज वाटायचा. चूक म्हणणार नाही, नकाशाचा नियम तोच होता आणि पाण्याच्या मॉडेलला तसाच डेटा लागतो, पण काय दाबतोय हे माहीत असायला हवं होतं, निदान एक कमेंट तरी टाकली असती.

नॉइज पण असतोच बरं का, सगळं खरं समजू नकोस. स्टिरिओमधून उंची काढायची तर दोन्ही फोटोंत तोच ठिपका सापडावा लागतो. वाहत्या पाण्यावर, ताज्या बर्फावर, ढगाच्या सावलीत सॉफ्टवेअरला ठिपका सापडत नाही आणि ते मनाला येईल ते लिहितं, पात्रात अचानक वीस मीटरचा खड्डा किंवा सुळका दिसला तर तो हा. ओळखायचं कसं? आउफाइस रुंद, गुळगुळीत आणि कडेला तुटलेला दिसतो, नॉइज दाणेदार असतो, हिलशेड, म्हणजे ऊन-सावलीचं चित्र, काढलास की दोन मिनिटांत फरक कळेल. आणखी एक, हा डीईएम सरफेसचा आहे, झाडं धरून. टुंड्रात झाडं नाहीत म्हणून लोक हे सोडून देतात, पण नदीकाठी विलोची झुडपं असतात, माणसाच्या उंचीएवढी किंवा जास्तच, आणि ती नेमकी काठावरच असल्यामुळे काठ वर उचललेला दिसतो.

आता जागेवर जाण्याचं. कॅनिंगच्या खोऱ्यात रस्ता नाही, गाव नाही, छोटं विमान मोठ्या मऊ टायरवर नदीतल्या दगडगोट्यांच्या पट्टीवर उतरतं आणि तुम्हाला सोडून निघून जातं. डासांबद्दल लिहीत नाही, लिहिलं तर खोटं वाटेल. सर्व्हेयर म्हणून मला जे जड गेलं ते वेगळंच होतं, तिथे पाय रोवायला जमीनच नाही. वर शेवाळ आणि गवताचे गड्डे, त्याखाली उन्हाळ्यात वितळलेला अर्धा-पाऊण मीटर चिखल, त्याखाली कायम गोठलेली जमीन, समुद्राजवळ शेकडो मीटर खोलपर्यंत. ट्रायपॉड लावला, जीपीएस चार तास चालू ठेवला आणि चार तासांत ट्रायपॉड हळूहळू बसत गेला. पहिल्या दिवशीचं आमचं एक सेशन असंच वाया गेलं, दोष माझाच, मी आपल्याकडच्या मुरमाच्या हिशोबाने पाय दाबले होते. मग लोखंडी सळई खुपसत जायचं, खाली टप असा आवाज आला की गोठलेली जमीन लागली, तिथवर खुंटे ठोकायचे आणि त्यावर ट्रायपॉड.

बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, तर त्याहून अवघड. साधा रॉड ठोकला तर हिवाळ्यात वरचा थर गोठताना रॉडला पकडतो आणि वर ओढतो, उन्हाळ्यात थर खाली बसतो पण रॉड परत तेवढा खाली जात नाही, त्याच्या पोकळीत माती शिरलेली असते. दरवर्षी थोडं थोडं, काही वर्षांत रॉड जमिनीतून उगवल्यासारखा बाहेर. म्हणून रॉड खोल पर्माफ्रॉस्टमध्ये नेतात आणि वरच्या थरापुरता त्याला ग्रीस भरलेली नळी घालतात, म्हणजे थराने काय ओढायचं ते नळीला ओढावं. ज्या खुणेवरून सगळ्या खोऱ्याची उंची मोजायची तीच जागची हलते. वर जीपीएसची गंमत वेगळी: उपग्रहांच्या कक्षा 55 अंशांवर कललेल्या, त्यामुळे 70 अक्षांशावर उपग्रह थेट डोक्यावर कधी येतच नाही, आडवं ठिकाण चांगलं मिळतं, उंची कच्ची राहते. ग्लोनासच्या, म्हणजे रशियन जीपीएसच्या, कक्षा जास्त कललेल्या आहेत, तो चालू ठेवायचाच. मोबाइल नेटवर्क नाही म्हणजे आरटीके, जागेवरच अचूक स्थान मिळायची सोय, विसर, डेटा गोळा करून घरी येऊन प्रोसेस करायचा.

हे सगळं करताना मला राहून राहून लेफिंगवेलची आठवण यायची. अर्नेस्ट डी कोवेन लेफिंगवेल, 1906 मध्ये आयनार मिकेलसेनबरोबर एका मोहिमेतून आला, त्यांचं जहाज डचेस ऑफ बेडफर्ड बर्फात निकामी झालं, त्याच्याच लाकडांतून फ्लॅक्समन बेटावर, कॅनिंगच्या मुखासमोर, त्यांनी झोपडी बांधली. मोहीम 1908 ला संपली पण हा माणूस पुन्हा येत राहिला, 1914 पर्यंत, सगळे मिळून नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे. कुत्र्यांची गाडी आणि छोटी होडी, हजारो किलोमीटर. थिओडोलाइटने कोन घ्यायचे, सूर्य-ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे, रेखांशासाठी घड्याळ अचूक पाहिजे आणि त्या थंडीत घड्याळाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. 1919 मध्ये अमेरिकन भूशास्त्र सर्वेक्षणाने त्याचा रिपोर्ट छापला, प्रोफेशनल पेपर 109, तो फुकट मिळतो, तुझ्या प्रोजेक्टला सोन्याहून भारी आहे, नकाशे आहेतच, शिवाय तिथल्या मूळच्या इन्युपियाक लोकांकडून घेतलेली स्थानिक नावं पण आहेत. त्याने नाव दिलेल्या खडकांच्या थरांपैकी दोन म्हणजे शुब्लिक आणि सॅडलरोचिट. पुढे 1968 मध्ये प्रूडो बेला तेल सापडलं ते सॅडलरोचिटमध्ये साठलेलं होतं आणि त्यातलं बरंचसं शुब्लिकमध्ये तयार झालेलं. पण मला त्याचं जास्त कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. हा नकाशा काढायला आलेला माणूस जमिनीकडे बघत बसला, किनारा कापला गेला होता तिथे मातीत बर्फाच्या पाचरी दिसल्या, त्याचं कारण त्याने लावलं: हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात भेगेत पाणी जातं, गोठतं, पुढच्या वर्षी परत तिथेच तडकते, असं शेकडो वर्षं. आज ते स्पष्टीकरण पायाभूत मानतात. आणि आपल्यासाठी अर्थ असा की नकाशावर जी घट्ट जमीन दिसते तिच्या पोटात बर्फ आहे, तो वितळला की त्या पाचरीवरची जमीन बसते, बहुकोनी चर पडतात. म्हणजे पात्राबाहेरच्या कॉन्टूरलाही तारीख लागतेच.

तू विचारशील एवढी चिकित्सा कशाला, तिथे राहतं कोण. मग ऐक. 1960 मध्ये तिथे वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र केलं, आजचं आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज, आणि आदेशात पश्चिम सीमा लिहिली कॅनिंग नदीचा अगदी पश्चिमेकडचा काठ. आता कॅनिंग मुखाजवळ फुटते, एक फाटा पश्चिमेला जातो, त्याला नकाशावर वेगळं नाव आहे, स्टेन्स नदी, दोन्ही नावं 1826 च्या ब्रिटिश शोधक फ्रँकलिनच्या मोहिमेतली. स्टेन्स ही कॅनिंगचाच फाटा धरायची की स्वतंत्र नदी? लेफिंगवेलच्या मते तो कॅनिंगचाच फाटा. अलास्का राज्याचं म्हणणं वेगळं, आणि दोघांच्या मधे सुमारे 20,000 एकर जमीन, पलीकडे पॉइंट थॉमसनचं गॅस क्षेत्र. 2014 मध्ये राज्याने ती जमीन मागितली, केंद्राने नाही म्हटलं, 2020 मध्ये अपील बोर्डाने केंद्राची बाजू उचलून धरली, मग मामला कोर्टात. त्या कागदपत्रांत शंभर वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आणि 1950 च्या दशकातल्या शीटवर नदीचं नाव नेमकं कुठल्या फाट्याशेजारी छापलंय यावर चर्चा आहे. नकाशावर अक्षरं कुठे टेकवायची हे काम आमच्याकडे सगळ्यात नवख्या पोराला देतात.

तर आता तू काय करायचं. मोझेक बाजूला ठेव, तुझ्या भागाच्या सगळ्या स्ट्रिपची यादी काढ, तारखा बघ, जुलैअखेर ते ऑगस्टच्या तेवढ्या घे. त्या एकमेकींपासून दोन-चार मीटर वर-खाली असणार, घाबरू नकोस, त्या जागेवर बसवायला आइससॅट-2 चा डेटा वापर, 2018 पासून फिरतोय, लेझरने उंची मोजतो, फुकट आहे आणि ध्रुवाकडे त्याचे मार्ग दाट होत जातात म्हणून आपल्याकडच्यापेक्षा तिथे कितीतरी जास्त रेघा मिळतात. चेक करायला नदीपात्र घेऊ नकोस, बर्फाच्या पाचरींचं मैदान घेऊ नकोस, उघडा खडक घे, सॅडलरोचिट डोंगराच्या बाजूला भरपूर आहे. राज्याचा पाच मीटरचा डीटीएम पण डाउनलोड कर, डेटम एक करून दोन्हींची वजाबाकी कर, जिथे पात्रात लांब गुळगुळीत फरक दिसेल तिथे माझ्यासारख्याच कुणीतरी रात्रपाळीत नदी दाबलेली असेल. चेक पॉइंटसाठी तिथे जायची गरज तुझ्या प्रोजेक्टला नाही. कुणी त्यावर पूल बांधणार असेल तर वेगळं.

आणि जूनची स्ट्रिप फेकून देऊ नकोस. जूनमधून ऑगस्ट वजा केलास तर झऱ्यांखालच्या आउफाइसची जाडी मिळेल, गाइड ज्याला खराब डेटा म्हणतात त्यातून प्रोजेक्टचं एक आख्खं प्रकरण निघेल. करून बघ, आणि नदी जिथे चढते त्या जागेवरच्या स्ट्रिपची तारीख इथेच खाली लिही. जूनचा पहिला पंधरवडा असणार, माझी चहाची पैज.